तालीम, आरसा आणि पडदा : किशोरवयीनांची देहप्रतिमा आणि ताकदीच्या औषधांचा गैरवापर

प्रास्ताविक

अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये शरीर कमावण्याची ओढ गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. तालुक्याच्या गावातही आता दोन-तीन जिम असतात आणि संध्याकाळी त्या भरलेल्या असतात. ही गोष्ट मुळात वाईट नाही. व्यायाम करणारा विद्यार्थी व्यसनांपासून दूर राहील, असे आपण शिक्षक आणि पालक गृहीत धरतो. प्रस्तुत लेख याच गृहीतकाविषयी आहे. कारण आज काही मुलांच्या बाबतीत औषधांच्या गैरवापराची वाट थेट जिममधून जाते, आणि त्या वाटेची पहिली खूण बहुधा मोबाइलच्या पडद्यावर दिसलेली असते.

या लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. मुलांना आपले शरीर अपुरे का वाटू लागते? त्यावर उपाय म्हणून ती जी औषधे घेतात ती नेमकी कोणती आणि शरीरात काय करतात? आणि वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला, तो कोणताही विषय शिकवीत असो, यात काय करता येईल?

देहप्रतिमा म्हणजे काय?

आपले शरीर कसे आहे याविषयी आपल्या मनात जे चित्र असते, त्याला मानसशास्त्रात देहप्रतिमा म्हणतात. पॉल शिल्डर या मनोविकारतज्ज्ञाने १९३५ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हापासून एक गोष्ट मान्य झालेली आहे की, हे चित्र केवळ आरशात दिसणाऱ्या रूपावर ठरत नाही. घरचे काय म्हणतात, मित्र कोणत्या नावाने हाक मारतात, समाजात कोणत्या शरीराला मान आहे, या सर्वांचे मिळून ते तयार होते. त्यामुळे अंगाने सुदृढ असलेला मुलगाही स्वतःला ‘काडी पैलवान’ समजू शकतो.

लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. आपण कसे आहोत हे मोजण्याचे निश्चित माप हाताशी नसेल, तर माणूस स्वतःला इतरांच्या शेजारी उभे करून मोजतो, हे त्याचे सार होय. पौगंडावस्थेत ही गरज सर्वांत तीव्र असते, कारण शरीर रोज बदलत असते आणि ते कोठे जाऊन थांबणार हे ठाऊक नसते. पूर्वी ही तुलना वर्गातील, गल्लीतील, फार तर शेजारच्या गावातील मुलांशी होई. त्यात एखादा आडदांड असे, एखादा किरकोळ असे, बाकीचे मधले. त्यामुळे आपण कोठे बसतो याचा अंदाज बरा येई.

तालमीची व्यवस्था

येथे भाषेचा अध्यापक म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द. उर्दूत तो शिक्षण या अर्थाने वापरतात. मराठीत मात्र तालीम म्हणजे आखाडा, व्यायामाची जागा; आणि नाटकाची तालीम म्हणजे सराव. ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला आणि कुस्ती शिकवू लागला. ‘खुराक’ फारसीतून आला. ‘कसरत’ हा शब्द विपुलता दाखवणाऱ्या अरबी ‘कस्रत’चे रूप मानला जातो; जी गोष्ट पुन्हा पुन्हा, पुष्कळदा केली जाते ती कसरत. थोडक्यात, मराठी माणसाने शरीर घडवण्याच्या कामाला शिक्षणाचीच भाषा दिली.

हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हता. बडोद्याचे व्यायामप्रसारक राजरत्न प्रा. माणिकराव यांनी आपल्या व्यायाममंदिराला आपले वस्ताद जुम्मादादा यांचे नाव दिले. त्याच बडोद्यात आबासाहेब मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. कोल्हापूरला शाहू महाराजांनी, इंदूरला होळकरांनी कुस्तीला आश्रय दिला. बेळगावच्या तालमींची परंपराही सर्वश्रुत आहे. या व्यवस्थेत पठ्ठ्याचे माप वस्ताद घेत असे. कोणी किती जोर काढायचे, कोणाला कधी थांबवायचे, कोणाच्या घरी दूध परवडते आणि कोणाच्या नाही, हे त्याला माहीत असे. शरीर कशासाठी कमवायचे याचेही उत्तर ठरलेले होते. कुस्ती मारायची होती, मल्लखांबावर चढायचे होते. अंग दिसावे कसे हा प्रश्न दुय्यम होता.

तालमीचे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही. आजच्या कुस्तीतही उत्तेजक सेवनाची प्रकरणे घडतात आणि वस्तादही चुकीचा सल्ला देऊ शकतो. परंतु शिकणारा आणि त्याच्या शरीराचे माप यांच्यामध्ये एक ओळखीचे, जबाबदार माणूस उभे होते, एवढे नक्की. आज त्या जागी पडदा आहे.

पडदा काय करतो?

प्रतिमांचा परिणाम किती वेगाने होतो याचे एक उत्तम उदाहरण फिजी बेटांवरील आहे. तेथे भरलेले अंग हे खात्यापित्या घराचे आणि आपुलकीचे लक्षण मानले जाई. नाद्रोगा या भागात १९९५ साली दूरदर्शन संच आले. अमेरिकन संशोधक डॉ. अॅन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या विकृत वृत्तीची चिन्हे १९९५ मध्ये १२.७ टक्के मुलींत आढळली होती. तीन वर्षांनी हे प्रमाण २९.२ टक्के झाले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती. दुसऱ्या पाहणीत अशा ११.३ टक्के मुली होत्या. हा अभ्यास लहान होता आणि फक्त मुलींचा होता. तरीही पिढ्यान्‌पिढ्यांची सौंदर्यकल्पना तीन वर्षांत डळमळू शकते, हे त्यातून दिसले.

दूरदर्शन संच घरात एका जागी असे आणि त्यावरची माणसे ‘नट’ आहेत हे सर्वांना कळत असे. समाजमाध्यमांनी यात तीन बदल केले. पहिला, पडद्यावरचा माणूस आता ‘आपल्यासारखा’ भासतो. तो घरातून बोलतो, आपल्या भाषेत बोलतो, ‘भावांनो’ म्हणतो. त्यामुळे त्याच्याशी तुलना करणे वाजवी वाटते. दुसरा, प्रत्येक छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली याचा आकडा सर्वांना दिसतो. शरीरावर जणू गुणपत्रिका चिकटते. तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा. पुढचे चित्र कोणते दाखवायचे हे यंत्रणा ठरवते आणि मुलगा जेथे थबकला त्याच प्रकारची चित्रे त्याला अधिकाधिक दाखवत जाते. व्यायामाची दोन दृश्ये पाहिली की पुढचा अर्धा तास पिळदार दंडच समोर येतात. गल्लीतील तुलनेत निरनिराळ्या अंगकाठीची मुले होती. येथे हजारांत एखादे असणारे शरीरच सगळीकडे दिसते आणि तेच सर्वसामान्य वाटू लागते.

या परिणामाची कल्पना कंपन्यांना नव्हती असेही नाही. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे अंतर्गत अहवाल २०२१ साली अमेरिकन वृत्तपत्रांतून उघड झाले. आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते असे सांगितल्याची नोंद त्यात होती. अहवालातील भाग संदर्भ सोडून उचलला, असा खुलासा कंपनीने केला. समाजमाध्यम हेच एकमेव कारण आहे असे म्हणणे घाईचे ठरेल. संशोधकांत याविषयी मतभेद आहेत. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेला कॅनडातील एक प्रयोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. चिंता किंवा नैराश्याची लक्षणे असलेल्या १७ ते २५ वयोगटातील २२० विद्यार्थ्यांपैकी एका गटाने तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला एका तासावर आणण्याचा प्रयत्न केला. आपल्या दिसण्याविषयी आणि वजनाविषयी त्यांना वाटणारे समाधान दुसऱ्या गटाच्या तुलनेत स्पष्टपणे सुधारले.

मुलग्यांचा न बोललेला प्रश्न

देहप्रतिमेची चर्चा बहुतेक वेळा मुलींपुरती मर्यादित राहते. गोरे दिसण्याचा आणि बारीक होण्याचा दबाव त्यांच्यावर पूर्वीपासून आहे आणि त्यावर लिहिलेही गेले आहे. मुलग्यांवरचा दबाव वेगळ्या दिशेचा आहे: दंड मोठे, छाती रुंद, कंबर बारीक, पोटावर रेघा. हार्वर्ड विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बदल एका साध्या वस्तूवरून दाखवला. त्यांनी ‘जी. आय. जो’ या अमेरिकन सैनिक बाहुल्याची वेगवेगळ्या काळांतील मापे घेतली. हा बाहुला पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस असता, तर १९६४ च्या बाहुल्याचा दंड सुमारे १२ इंच भरला असता. १९९० च्या दशकातील एका आवृत्तीचा दंड जवळपास २७ इंच. एवढा दंड नामवंत शरीरसौष्ठवपटूचाही नसतो.

याच संशोधकांनी एक विकारही नोंदवला. पिळदार शरीर असूनही आपण हडकुळे आहोत, असे काही तरुणांना मनापासून वाटते. ते वारंवार आरसा पाहतात किंवा आरसा टाळतात, सैल कपड्यांत अंग झाकतात, व्यायाम चुकेल म्हणून लग्नकार्य आणि परीक्षाही चुकवतात. १९९७ साली या अवस्थेला ‘मसल डिस्मॉर्फिया’ हे नाव मिळाले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसंहितेत देहविकृतीभ्रमाचा एक प्रकार म्हणून त्याला स्थान दिले. अशा मुलाला आपण ‘शौकीन’ समजतो. प्रत्यक्षात तो आजारी असतो आणि औषधांच्या जाळ्यात सापडण्याची शक्यता त्याचीच अधिक असते.

औषधे कोणती?

या विषयावर वर्गात बोलायचे तर प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ‘स्टेरॉइड’ हे एका रासायनिक कुळाचे नाव आहे. दम्याच्या पंपात, संधिवाताच्या गोळ्यांत किंवा त्वचेच्या मलमात असणारी स्टेरॉइडे वेगळी. ती सूज कमी करतात, स्नायू वाढवत नाहीत. ‘स्टेरॉइड वाईट’ एवढेच सांगितल्यास दमेकरी विद्यार्थी घाबरून आपला पंप बंद करण्याचा धोका असतो. आपला विषय आहे तो अॅनाबॉलिक स्टेरॉइडांचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा आणि प्रयोगशाळेत बनवलेल्या त्याच्या भावंडांचा.

टेस्टोस्टेरॉन १९३५ साली वेगळे करण्यात आले. १९५८ मध्ये डायनाबॉल ही गोळी अमेरिकेच्या बाजारात आली आणि वजन उचलणाऱ्या खेळाडूंत पसरली. पूर्व जर्मनीत तर शासनानेच किशोरवयीन खेळाडूंना, त्यांतही मुलींना, जीवनसत्त्वे म्हणून अशा गोळ्या दिल्या. त्यांतील अनेकींनी पुढे आयुष्यभर त्याचे परिणाम भोगले. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून या औषधांची चाचणी सुरू झाली. १९८८ मध्ये सोल येथे बेन जॉन्सनचे सुवर्णपदक स्टॅनोझोलॉलमुळे काढून घेण्यात आले.

ही औषधे ‘काही कामाची नाहीत’ असे विद्यार्थ्यांना सांगणे खोटेपणाचे ठरेल. डॉ. शालेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्यांनी ४३ प्रौढ पुरुषांचे चार गट केले आणि काहींना दहा आठवडे टेस्टोस्टेरॉनची मोठी मात्रा दिली. केवळ व्यायाम केलेल्यांच्या अंगात चरबीविरहित वजन सुमारे २ किलो वाढले. व्यायाम न करता फक्त औषध घेतलेल्यांचे ३.२ किलो वाढले. दोन्ही केलेल्यांचे ६.१ किलो वाढले. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. घाम गाळणाऱ्यापेक्षा बसून औषध घेणाऱ्याचे मांस अधिक वाढले. मग घाम गाळणारा मुलगा औषध घेतलेल्या शरीराशी आपली तुलना करतो तेव्हा ती स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच तो हरलेला असतो. त्याला ते ठाऊक नसते. तो दोष स्वतःच्या मेहनतीला, खुराकाला आणि शेवटी स्वतःला देतो.

या अज्ञानावर मोठा व्यापार चालतो. अमेरिकेतील ब्रायन जॉन्सन नावाचा गृहस्थ ‘लिव्हर किंग’ या नावाने प्रसिद्ध झाला. आपले अवाढव्य शरीर कच्चे यकृत खाऊन आणि आदिमानवासारखे जगून बनले, असे तो लाखो अनुयायांना सांगे आणि आहारपूरके विके. स्टेरॉइड घेतल्याचे त्याने वारंवार नाकारले. २०२२ च्या अखेरीस त्याचे जुने पत्रव्यवहार बाहेर आले, तेव्हा त्याला चित्रफीत काढून कबुली द्यावी लागली. ज्या मुलांनी त्याच्या डब्यांवर पैसे घातले त्यांना ते परत मिळाले की नाही हा वेगळा प्रश्न. त्यांच्या मनात बसलेले माप मात्र परत घेता येत नाही.

आपल्याकडे स्टेरॉइडांच्या जोडीला आणखी तीन वस्तू आढळतात. एक, मेफेंटरमिन हे इंजेक्शन. शस्त्रक्रियेत पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ ते वापरतात. ते स्नायू वाढवत नाही; हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवून थकवा लपवते. मुले ते ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून टोचून घेतात. महाराष्ट्रातील अनेक शहरांत त्याच्या बेकायदा विक्रीवर पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने छापे घातले आहेत. त्याची सवय जडलेल्या तरुण रुग्णांची नोंद भारतीय मनोविकारतज्ज्ञांनीही केली आहे. दोन, ‘सार्म’ या नावाने विकली जाणारी रसायने. ती सुरक्षित स्टेरॉइड असल्याचा प्रचार समाजमाध्यमांवर चालतो. परंतु अमेरिकन औषध प्रशासनाने त्यांना कोणत्याही वापरासाठी मान्यता दिलेली नाही आणि एप्रिल २०२३ मध्ये किशोरवयीनांना उद्देशून तसा इशाराही दिला. तीन, प्रथिनांची भुकटी. ती उत्तेजक नव्हे. पण तिचा दर्जा बेभरवशाचा आहे. केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ उत्पादनांपैकी सुमारे ७० टक्के उत्पादनांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले होते, तर १४ टक्क्यांत बुरशीजन्य विष आढळले. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला आहे. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. वाढीच्या वयात आणि व्यायाम करणाऱ्याला ती थोडी अधिक लागतात. दूध, डाळी, अंडी, मासे, मटण, हरभरे आणि शेंगदाणे यांतून ती मिळू शकतात.

वाढत्या शरीरावरील परिणाम

शरीरात संप्रेरके तयार करण्याचे काम मेंदूच्या हुकमावर चालते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे आहे असे दिसले की मेंदूतील पीयूष ग्रंथी वृषणांना काम थांबवण्याचा निरोप देते. घरात आयते नळाचे पाणी आले की विहिरीकडे कोणी फिरकत नाही आणि विहीर गाळाने भरते, तसे हे आहे. बाहेरून औषध येत राहिले की वृषणे आकसतात, शुक्राणूंची निर्मिती घटते. औषध बंद केल्यावर नळही नाही आणि विहीरही नाही, अशी स्थिती काही महिने, कधी त्याहून जास्त काळ राहते. याच काळात तीव्र उदासी येते, कमावलेले अंग उतरू लागते आणि मुलगा पुन्हा औषधाकडे वळतो. सवय जडते ती अशी.

किशोरवयात आणखी एक धोका आहे, जो प्रौढाला नाही. हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. त्या खुल्या असेपर्यंतच उंची वाढते. जादा संप्रेरकांमुळे त्या वेळेपूर्वी बंद होतात. मोठे दिसण्यासाठी औषध घेतलेला मुलगा त्यामुळे कायमचा बुटका राहू शकतो. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात स्त्री-संप्रेरकात बदलतो आणि मुलग्याच्या छातीत गाठ वाढते; ती बरेचदा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. पाठीवर व खांद्यावर मुरुमे, केस गळणे, चिडचिड ही बाहेरून दिसणारी चिन्हे. गोळ्यांमुळे यकृताला इजा होते. हृदयाचे परिणाम उशिरा कळतात. वजन उचलणाऱ्या १४० पुरुषांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता कमी आणि रक्तवाहिन्यांतील थर अधिक आढळला. मुलींमध्ये आवाज घोगरा होतो आणि तो बहुधा पूर्ववत होत नाही. एकच सुई अनेकांनी वापरल्यास कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात, हे वास्तव आहे. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक कायदा २०२२ साली झाला. परंतु तो स्पर्धात्मक खेळाडूंपुरता आहे. जिममध्ये जाणारा सामान्य विद्यार्थी त्याच्या कक्षेत येत नाही. खेळाडूंची स्थितीही काळजीची आहे. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ नमुन्यांत प्रतिबंधित द्रव्ये सापडली, म्हणजे ३.८ टक्के. त्या वर्षी पाच हजार किंवा अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. विद्यापीठ पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला हेही सांगितले पाहिजे की भेसळयुक्त भुकटीतून द्रव्य अंगात गेले तरी जबाबदारी त्याचीच धरली जाते.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. पोलीस व सैन्य भरतीच्या मैदानी चाचणीपूर्वी उत्तेजके घेतल्याच्या बातम्याही येऊन गेल्या आहेत. ज्या घरातून पहिलाच मुलगा सरकारी नोकरीच्या उंबरठ्यावर पोहोचतो, तेथे एका इंजेक्शनचा मोह किती मोठा असेल, याची कल्पना आपण केली पाहिजे. अशा मुलाला उपदेशापेक्षा सहा महिने आधी सुरू होणाऱ्या नियमित धावण्याच्या सरावाची व्यवस्था अधिक उपयोगी पडेल.

शिक्षकांना काय करता येईल?

१. शरीरावरून टोमणे मारणे बंद करावे. ‘लुकड्या’, ‘ढोल्या’ ही नावे वर्गात हसत-हसत रूढ होतात आणि कधी कधी ती शिक्षकाच्याच तोंडून येतात. देहप्रतिमेचा पहिला ओरखडा तेथेच पडतो.

२. केवळ भीती घालू नये. अमेरिकेतील ऑरेगन येथे डॉ. लिन गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी शालेय खेळाडूंवर प्रयोग केले. फक्त दुष्परिणाम ऐकवल्याचा फारसा उपयोग झाला नाही. औषधाचे परिणाम आणि दुष्परिणाम दोन्ही प्रामाणिकपणे सांगितले तेव्हा मुलांनी ते अधिक मानले. पुढे त्यांनी आखलेल्या कार्यक्रमात प्रशिक्षक आणि संघातील मुलेच एकमेकांना आहार, व्यायाम आणि नकार देण्याचे कौशल्य शिकवीत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेण्याचा मुलांचा इरादा त्यामुळे कमी झाला.

३. भाषेच्या तासाचा उपयोग करावा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची दोन छायाचित्रे वर्गात दाखवावीत आणि प्रकाश, कोन, श्वास, नुकताच केलेला व्यायाम, फिल्टर यांनी काय बदलते ते मुलांकडूनच काढून घ्यावे. जिममधील बोलीही अभ्यासण्यासारखी आहे. औषधांच्या मालिकेला मुले ‘कोर्स’ म्हणतात, ‘सायकल’ म्हणतात. असे निरुपद्रवी शब्द धोका कसा झाकतात, यावर एक चांगला निबंध होऊ शकतो.

४. चिन्हे ओळखावीत, पण आरोपी करू नये. काही आठवड्यांत अचानक वाढलेले वजन, खांद्यावरील मुरुमे, चिडखोरपणा, पैशांची वाढती गरज अशी लक्षणे एकत्र दिसली तर एकांतात, विश्वासात घेऊन विचारावे. दप्तर तपासून तमाशा केल्यास तो मुलगा पुन्हा कोणाशी बोलणार नाही. ‘आजच बंद कर’ असे सांगून मोकळे होऊ नये. बंद केल्यानंतरचा उदासीचा काळ धोक्याचा असतो, म्हणून डॉक्टरांची देखरेख हवी. मनोविकाराच्या मदतीसाठी शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.

५. क्रीडाशिक्षक, परिसरातील जिमचालक आणि पालक यांची वर्षातून एकदा तरी एकत्र बैठक व्हावी. आपला मुलगा कोणाच्या सल्ल्याने काय घेतो, हे पालकांना बहुधा ठाऊक नसते. जिमचालकांपैकीही अनेकांना हा धंदा नकोच असतो. त्यांना आपल्या बाजूला घेता येते.

समारोप

मोबाइल काढून घेणे हा उपाय घरोघरी करून पाहिला जातो आणि तो फार टिकत नाही. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू केला आहे. त्याचे फलित काय ते पुढे दिसेल. आपल्या हाती असलेले काम त्याहून लहान आणि जवळचे आहे. पडद्यावरचे ते शरीर व्यायामाने बनलेले नसू शकते आणि म्हणून तू अपुरा नाहीस, हे विद्यार्थ्याला कोणीतरी स्पष्ट शब्दांत, आकड्यांसह सांगायला हवे. हे सांगणारा मनुष्य त्याच्या ओळखीचा आणि त्याचे भले चिंतणारा असावा लागतो. उर्दूतील तालीम आणि मराठीतील तालीम या दोन्ही ठिकाणी उस्ताद लागतो. महाविद्यालयात ती जागा आपली आहे, आणि ती रिकामी राहिली तर ती भरून काढणारे पुष्कळ आहेत.